सिंधूबाईचा नियम

वसमत, १२ डिसेंबर २००१

सिंधू,

थोरलीचा आशीर्वाद पहिल्याच वळीत घालून टाकते, म्हंजी पुढं तू पत्र फाडलंस तरी तेवढा पोचला म्हणायचा. नऊ वर्षांत माझं हे पहिलं पत्र. अक्षर मोठं येतं, त्याला इलाज न्हाई. साक्षरतेच्या वर्गातल्या बाई म्हणायच्या, रूपाबाई, एका पाटीवर एकच शब्द मावतो व्हय तुमचा. तू चौथी शिकलेली, तुला हसू यील. हस, मला इथं काय दिसतंय.

पत्त्यात जिल्हा हिंगोली लिहिलाय. तू गेलीस तवा परभणी होता.

काम रागिणीचं हाय. शिवहारची थोरली, माझी नात. तू पाहिलीस तवा दोन वेण्या घालून सगळ्या आडतीत पळायची. आता नांदेडला कॉलेजात कॉम्प्युटर शिकून राहिली, शेवटचं वर्ष. येते तवा सगळ्या घराला शिकवते. तिच्या आईला तर माउस कसा धरायचा ते पोळपाटावर वाटी फिरवून दाखवलं.

तर तिला एक असं यंत्र बनवायचंय. यंत्र म्हंजी पेटी न्हाई, पेटी तयारच असती, तिच्या आत जे सांगायचं असतं ते. त्याला ती म्हणती एक्स्पर्ट सिस्टीम. मी म्हणलं मराठीत सांग. ती म्हणली, "आज्जे, जाणत्या माणसाला जे कळतं ते त्याच्याकडून काढून घ्यायचं, नियम करून मशीनमधी भरायचं. मग नवखा माणूस बसला तरी मशीन त्याला एकेक प्रश्न विचारतं आन शेवटी सांगतं माल कसा हाय. काहून तसा हाय ते बी सांगतं."

आन तिनं जाणती म्हून कोणाला धरलं, तर मला. दुसरी शिकलेल्या बाईला. मी दोन दिवस हवेत होते, सिंधू. सून म्हणली, आत्याबाई, भाकरीत मीठ दोनदा पडलं.

किसनराव मालकांना पुसेगावला हळदीच्या खरेदीचं दुसरं दुकान काढायचंय. तिथं माल पारखणारी बाई न्हाई, आन मी काही रोज पुसेगावला जात न्हाई, कंबर राहिली न्हाई माझी. मालक म्हणले, रागिणी, तुझं मशीन माझ्या वीस ढिगांवर चालवून दाखव. अठरा बराबर निघाले तर पुसेगावचं काम तुझं, पगार चालू. न्हाई निघाले तर राम राम. कॉलेजातले मार्क बी त्याच्यावरच हायेत. पोरीचं सगळं या वीस ढिगांवर बसलंय.

तिचे रत्नपाल सर हायेत, लई शांत माणूस. ते म्हणले, एका जाणत्यावर भागत न्हाई. दुसरा पाहिजे, तेवढाच जाणता, आन पहिल्याला न भिणारा. आता हळदीत माझ्याएवढं जाणणारं आन मला न भिणारं माणूस या तालुक्यात एकच होतं, ते डोंगरकड्याला जाऊन बसलं.

अकरा प्रश्न रागिणीनं लिहून दिलेत, सोबत हायेत. उत्तरं तिच्या नावानं धाड, माझ्या न्हाई धाडलीस तरी चालंल.

त्या गोष्टीबद्दल मी काही लिहीत न्हाई. माझं जे काम होतं ते मी केलं होतं.

तुझी अक्का


वसमत, २० जानेवारी २००२

सिंधू,

तुझं उत्तर न्हाई. पोस्टमनला दोनदा विचारलं. तो म्हणला, मावशी, डोंगरकडा काही दुबईत न्हाई, यायचं असतं तर आलं असतं. म्हून पुन्हा लिहून राहिले, प्रश्नांचा कागद पुन्हा घातलाय.

सुट्टीचे चारी दिवस रागिणी माझ्यासमोर वही घेऊन बसली होती. असं कोणी मला जन्मात विचारलं न्हाई. मी हळकुंड मोडलं आन म्हणलं, बराबर हाय. ती म्हणली, काहून?

"काहून म्हंजी? बराबर हाय म्हून."

"कशावरनं कळलं ते सांग. मोडताना काय पाहिलंस?"

"आवाज."

"कसा?"

"खणखणीत. ओली असली तर भद्द करती."

"आन वास?"

"वास बराबर."

"बराबर म्हंजी कसा, आज्जे?"

"आता वास कसा सांगू? तू हुंग."

"मी हुंगीन. मशीनला नाक न्हाई."

"मग नाक न्हाई त्याला हळद काहून शिकवतीस?"

लई हसली. पण सोडलं न्हाई. सांजेपत्तर तिनं माझ्याकडून आवाजाचे तीन प्रकार काढले, आन वासाचे चार, त्यातला एक ‘पावसात भिजलेल्या पोत्याचा’. मला ठाऊकच नव्हतं की मला एवढं ठाऊक हाय. ती लिहिती असं: आवाज भद्द असंल, आन नख दाबल्यावर खूण राहत असंल, तर माल ओला. प्रत्येक वळीत ‘असंल’ आन ‘तर’. सोपे प्रश्न आधी, मोडायचं काम नंतर, म्हंजी उगी माल खराब होत न्हाई. हे तिनं मला विचारून ठरवलं. मी म्हणलं, आमी बी आधी पोत्यावर हात ठेवतो, मग मोडतो. तिनं लगेच लिहून घेतलं.

मग म्हणली, किती मोडतीस? मी म्हणलं, तीन. पोत्याच्या वरचं, मधलं, बुडातलं. नेहमी तीन. तिनं लिहिलं, नेहमी तीन.

आणखी एक तिचं खूळ. प्रत्येक नियमाला विचारती, दहापैकी किती खात्री? मी म्हणलं, दहा. पुढच्याला, दहा. सगळ्याला दहा. तिनं ते सरांना दाखवलं तर सर म्हणले म्हणं, आज्जींचे सगळे दहा असतील तर दहाला अर्थ उरणार न्हाई. मला राग आला. चाळीस वर्षं मी तोंडातून शब्द काढला की पोतं त्या ढिगात जाऊन पडतं. खात्री कोणी विचारली?

तुला ठाऊकच हाय आडतीतली रीत. माल मोठीनं पाहायचा, मोठीनं बोलायचं, आन मोठी बोलल्यावर धाकटीनं तोंड उघडायचं न्हाई. मला बी माझ्या वरच्या बाईपुढं अकरा वर्षं असंच गप राहावं लागलं. रीत चांगली की वाईट, मी कधी पाहिलं न्हाई. रागिणीला सांगितली तर तिचा पेनच थांबला. म्हणली, "मग धाकटीला जास्त कळत असंल तर?"

मी म्हणलं, चहा ठेव.

अक्का


वसमत, १८ फेब्रुवारी २००२

सिंधू,

तुझं कार्ड आलं. रागिणीच्या नावानं. मला एक शब्द न्हाई, अक्का बरी का, एवढं बी न्हाई. अकरा प्रश्न, अकरा उत्तरं, खाली ‘सिंधू’. जागा राहिली होती खाली दोन बोटं, तरी.

मी ते चारदा वाचलं. खरं सांगू, नऊ उत्तरं जशीच्या तशी माझी. ‘पावसात भिजलेल्या पोत्याचा वास’ हे बी तू तसंच लिहिलंस. रागिणी म्हणली, तुमी दोघींनी ठरवून लिहिलं व्हय? मी म्हणलं, दहा सीझन ही माझ्या घरी राहून माझ्या बाजूला बसली, ठरवायचं काय त्यात. हळद उकडायला लागली की गाठोडं घेऊन यष्टीनं यायचीस, आन पाऊस पडायच्या आत जायचीस. घरात तुझा कोपरा होता. त्या कोपऱ्यात आता रागिणीची पेटी हाय, मालकांनी सरावाला आणून दिली. सुनेनं तिला हळदकुंकू लावलं, ते कीबोर्डच्या बटणांच्या फटीत गेलं, रागिणी दिवसभर काडीनं काढत होती.

दहावं जाऊ दे, त्यात थोडंच इकडंतिकडं हाय. पण सातवं. प्रश्न असा होता: मोडल्यावर गाभा फिका दिसला तर काय समजायचं? मी सांगितलं होतं, कच्ची उकडलेली. दहापैकी दहा. तू लिहिलंस:

‘आधी बियाणं विचारा. सेलमचा गाभा गर्द, राजापुरीचा जातीनंच फिका. फिका रंग काठापासून मधापर्यंत एकसारखा असंल तर ते बियाणं, माल पक्का. मधीच वेगळा पांढरट ठिपका असंल तर कच्ची. खात्री नऊ.’

मी रागिणीला म्हणलं, हे काढून टाक. बियाणं विचारायचं काम आपलं न्हाई, माल बोलतो. ती म्हणली, आज्जे, मला काढता येत न्हाई, मला दोघींचं ठेवावं लागतं. मग रविवारी रत्नपाल सर घरी आले. मी त्यांनाच विचारलं, दोघी दोन सांगायल्या तर मशीन कोणाचं ऐकतं?

ते म्हणाले, "आज्जी, मशीन कोणाचंच ऐकत नाही. जिचा नियम जास्त गोष्टी विचारून घेतो, तो आधी लागतो. तुमच्या नियमात एकच अट आहे. त्यांच्या नियमात दोन आहेत."

असे गोड बोलून राहिले की भांडता बी येईना. तीन कप चहा पिले. जाताना माझ्या पाया पडले, म्हणाले, मी पुस्तकातून शिकवतो, हे पुस्तकात नाही. आता अशा माणसाला काय म्हणावं. तुझा नियम राहिला. त्याच्यापुढं रागिणीनं तुझं नाव घातलं. मशीनला ‘काहून’ विचारलं की ते नाव सांगतं.

तुझ्या घरचे ग्यानबा पाव्हणे कसे हायेत? इथं डोंगरकड्याचा एक माणूस आला होता, तो म्हणला त्यांनी हळद लावायची सोडली, आता नुसती ज्वारी करतात. व्हय का?

अक्का


वसमत, २ एप्रिल २००२

सिंधू,

हे पत्र मी दोनदा लिहून चुलीत घातलं. हे तिसरं.

झालं असं. मशीन तयार झालं. आता त्याला जुन्या मालावर तपासायचं, म्हंजी जे माल मला आठवतात ते सांगायचे आन मशीन काय म्हणतं ते पाहायचं. मी पस्तीस-चाळीस माल सांगितले. लई मजा आली. कोणत्या साली कोणाची हळद कशी होती ते मला असं आठवतं की रागिणी म्हणली, आज्जे, तुला तुझ्या लग्नाची तारीख आठवत न्हाई. मशीन बहुतेक जागी माझ्यासारखंच बोललं. मी पाठ थोपटायला गेले तर रागिणी पेटीला हात लावू देईना.

मग ती म्हणली, आता असा माल सांग जिथं भांडण झालं.

मी सांगितला. कोणाचा ते न्हाई सांगितलं. म्हणलं, एक शेतकरी होता, पयल्यांदाच हळद केलेला, चौदा पोती घेऊन आला. ती बसली प्रश्न वाचायला. आवाज? खणखणीत. नखाची खूण? न्हाई. गाभा? फिका. कुठून कुठपत्तर फिका? मी म्हणलं, ध्यानात न्हाई. बियाणं कोणतं? मी म्हणलं, विचारलं न्हाई. तिनं दोन्हीकडं ‘ठाऊक न्हाई’ दाबलं. असं दाबायला जागा ठेवलेली हाय त्यात. मग तिनं विचारलं, किती मोडले होते?

ती थांबली. लई थांबती ती, सरांनी शिकवलंय.

मी म्हणलं, एक.

"नेहमी तीन ना, आज्जे?"

"त्या दिवशी एक."

मशीननं काय सांगितलं ठाऊक हाय? मशीन म्हणलं, सांगता येत न्हाई, आणखी दोन मोडून पाहा.

सिंधू, मला जे त्या दिवशी म्हणायला पाहिजे होतं ते एवढंच होतं. सांगता येत न्हाई. आन मी सगळ्या आडतीसमोर म्हणले, कच्ची हाय, परत न्या.

एकच काहून मोडलं ते आता लिहिते. पोती ग्यानबा पाव्हण्यांची होती, माझ्या बहिणीच्या नवऱ्याची. हमाल, मुनीम, सगळे माझ्या तोंडाकडं पाहत होते, की रूपाबाई घरच्या माणसाला पास करती का. मला दाखवायचं होतं की मी कोणाची न्हाई. पयलंच फिकं निघालं आन मला बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटती पण खरंच, बरं वाटलं. आणखी दोन मोडले असते तर कदाचित वेगळं दिसलं असतं, म्हून मोडलेच न्हाईत.

तू बाजूला उभी होतीस. तुला ठाऊक होतं की बियाणं राजापुरी हाय, तुझं सातवं उत्तर वाचून आता मला ते कळतंय. तू एकदा माझ्याकडं पाहिलंस, आन रीत होती म्हून बोलली न्हाईस. सांजच्याला गाठोडं बांधलंस तवा बी बोलली न्हाईस. मी म्हणलं, राग उतरला की यील. तिकडं गावात लोक त्यांना कच्चा ग्यानबा म्हणायले, हे मला दोन वर्षांनी कळलं. मी तवा बी म्हणलं, माझं काम होतं.

रागिणीला मी नाव सांगितलं. तिनं वहीत ‘नेहमी तीन’ खोडलं आन लिहिलं, ‘मोजून तीन, मशीननं दर वेळी विचारावं’.

सहा मेला वीस ढिगांची परीक्षा हाय. कळवायचं म्हून कळवते.

अक्का


वसमत, ८ मे २००२

सिंधू,

परवा परीक्षा झाली. सगळं सांगते, मधी उठू नको.

पुसेगावच्या दुकानासाठी मालकांनी मोहनसिंग नावाचा माणूस ठेवलाय. चाळिशीचा हाय, आतापत्तर सिमेंट विकलं. हळद फक्त भाजीत पाहिलेली. मालक म्हणले, मशीनसमोर हाच बसंल, याला जमलं तर कोणालाबी जमंल. मोहनसिंग एकेका ढिगाचं हळकुंड आणायचा, मशीन विचारंल ते पाहायचा, आन रागिणी एक अक्षर न बोलता भिंतीला टेकून उभी. मी बाहेर, ढिगामागून ढीग, माझं मी सांगायचं. मालक दोन्ही कागदांवर लिहिणार. माझं म्हणणं तेच खरं धरायचं, असं ठरलेलं. त्याच्याशी मशीन जुळलं पाहिजे.

ऊन असं होतं की पत्र्याखाली डोकं शिजत होतं. रत्नपाल सर नांदेडहून यष्टीनं आलेले, एका पोत्यावर बसून सगळ्यांना पाणी देऊन राहिले होते.

दोन्ही कागद लावले. पयले चार जुळले. पाचवा चुकला. हळकुंडं घासून चकचकीत करायचं पॉलिशचं पिंप फिरत होतं, त्या धडधडीत मोहनसिंगला आवाज कळला न्हाई, ओला माल त्यानं कोरडा सांगितला. अकरावा बी तसाच. झाले दोन. आता एक बी चुकायची सवड न्हाई. रागिणी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळून राहिली होती.

चौदावा. मालकांनी वाचलं: रूपाबाई, कच्ची. मशीन, पक्की.

पुढचे सहा बी जुळले, मग मालकांनी पेनाला टोपण घातलं. म्हणले, "तीन झाले, रागिणी. सतरा बी काही थोडे न्हाईत, पण आपलं ठरलं होतं."

पोरगी म्हणली, "व्हय काका." आन तारा गुंडाळायला वाकली.

तुला लिहून महिना झाला होता, सिंधू. सगळं कबूल केलं होतं. तरी ढिगाशी गेले, तीन मोडले, मोजून तीन, तिन्ही फिके, आन जीभ आपोआप म्हणली कच्ची. बियाणं विचारलंच न्हाई. चाळीस वर्षांची जीभ, तिला पत्र कुठं वाचता येतं.

गप राहिले असते तर कोणाला कळलं नसतं. माझं म्हणणं तेच खरं धरायचं होतं ना. मी म्हणलं, "मालक, थांबा. मला काहून विचारा."

"काय काहून?"

"मी कच्ची काहून म्हणले ते विचारा. मशीनला विचारता, मला काहून न्हाई?"

मालक हसले. "मावशी, तुमाला कोण विचारतंय."

"तेच म्हणते मी. या पोत्यांचा धनी कोण?"

संतराम नावाचा माणूस निघाला, मागं पोत्यावर बसून कांदा-भाकर खाऊन राहिला होता. मी विचारलं, बियाणं कोणतं? तो म्हणला, राजापुरी, मेव्हण्यानं सांगलीहून आणून दिलं. मोहनसिंगला विचारलं, तुला कसं कळलं रे? तो म्हणला, "मला काय कळतंय मावशी, मशीननं विचारलं बियाणं कोणतं, मी जाऊन यांना विचारून आलो." मग त्यानं ‘काहून’ दाबलं. रागिणीला मी म्हणलं, मोठ्यानं वाच. ती वाचती: नियम सात. बियाणं राजापुरी, फिका रंग काठापासून मधापर्यंत एकसारखा, म्हून माल पक्का. सांगणार सिंधूबाई, डोंगरकडा.

मी तिन्ही तुकडे मालकांच्या हातावर ठेवले. एकसारखे होते, काठापासून मधापर्यंत. मधी ठिपका न्हाई.

मालक म्हणले, "मग तुमी?"

"मी चुकले. आन आज पयल्यांदा न्हाई. नऊ वर्षांमागं याच जागी ग्यानबा पाव्हण्यांची चौदा पोती मी कच्ची म्हणून परत धाडली. एकच मोडून. तुमी बी होता."

मालकांना आठवलं. चेहऱ्यावर दिसलं मला. पिंप बंद केलं होतं, त्यामुळं सगळ्यांना ऐकू गेलं, हमालांना बी. कोणी तरी मागून म्हणलं, रूपाबाईचं वय झालं. म्हणू दे.

मालकांनी टोपण काढलं, तिसरी फुली खोडली. अठरा. रागिणीनं गुंडाळलेल्या तारा पुन्हा सोडल्या, आन मग एका कोपऱ्यात जाऊन रडली, सरांनी तिला बी पाणी दिलं. कॉलेजची परीक्षा झाली की जूनपासून ती पुसेगावला. मोहनसिंगला आधी आवाज शिकवायचाय, ते काम माझं. मालकांना मी आणखी एक मागितलं. आडतीत आता धाकटीनं आधी बोलायचं, मोठीनं नंतर. ते म्हणले, बायका ऐकतील का? मी म्हणलं, मी मोठी हाय, मी सांगते.

आता तुझं. मी या पत्रात माफी मागत न्हाई, कारण पत्र तू एकटी वाचशील, आन मी जे बोलले होते ते चार लोकांत बोलले होते. सोमवारी सकाळच्या यष्टीनं येते. आधी तुझ्या घरी येत न्हाई. पारावर जाते. तिथं सकाळी माणसं बसलेली असतात, ग्यानबा पाव्हणे बी असतील. नसले तर बोलावून घेईन. परवा आडतीत सांगितलं ते सगळं तिथं सांगणार, त्यांचं नाव घेऊन, की यांची हळद पक्की होती.

तुला पारावर यायची गरज न्हाई. दार लावून घेतलंस तरी चालंल. माझा आवाज तुला ठाऊक हाय, घरात ऐकू यील.

अक्का